केज जॅझ सर्कलचे शांत अध्यक्ष

३ जानेवारी, शुक्रवार

संकल्प खरं तर एक तारखेलाच करणार होतो. पण त्या दिवशी स्टँडवर एका जीपवाल्याशी थोडं झालं. त्याने मागून हॉर्न वाजवला. मी दगड उचलला होता तो नुसता दाखवायला. काच गेली. तशी जुनीच होती. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, फोन करून मिटवलं.

तर संकल्प. आवाज चढवायचा नाही. हात उचलायचा नाही. आणि जॅझवर चर्चा चालू असताना समोरच्याचं पूर्ण ऐकून घ्यायचं, तो बावळटासारखं बोलत असला तरी.

मुळात मी शांत माणूस. जॅझ ऐकणारा माणूस रागीट असूच शकत नाही. अख्ख्या केज तालुक्यात माझ्याएवढ्या जॅझच्या एलपी रेकॉर्ड कुणाकडे नाहीत, म्हणजे माझ्याएवढा शांत माणूसही नसणार. साधं लॉजिक आहे.

बायकोला, वनमालाला, संकल्प सांगितले. ती गहू निवडत होती. बरं म्हणाली. मान वर केली नाही.

५ जानेवारी, रविवार

माडीवरची खोली आवरली. पुढच्या रविवारी केज जॅझ सर्कलची मीटिंग. अध्यक्ष मी. सदस्य दोन. एक मुंजाजी सर, कॉलेजला इंग्रजी शिकवतात, सगळ्यांचं पटतं त्यांना. दुसरा माझा मेव्हणा बिभीषण, अंबाजोगाईला दातांचा डॉक्टर. बिभीषणला जॅझ मीच लावलं. पहिली रेकॉर्ड त्याने याच खोलीत ऐकली, माझ्या आणि वनमालाच्या लग्नानंतर दिवाळीला आला होता तेव्हा. तेव्हा मी सांगेन ते ऐकायचा. आता दवाखाना चालायला लागला आणि स्वतःच्या रेकॉर्ड मागवायला लागला. सगळे रिइश्यू, म्हणजे जुन्याच रेकॉर्ड नव्याने छापलेल्या. एक ओरिजिनल नाही.

सॅक्सोफोनवादक ल्यूथर पेमब्रुकची जुनी मोनो रेकॉर्ड पुसून ठेवली. पुण्याला डिप्लोमा करताना जुन्या बाजारात मिळालेली. टेनर सॅक्स असा की खाली आमच्या दुकानातल्या खताच्या वासाचाही विसर पडतो. डिप्लोमा राहिला, रेकॉर्ड आहे.

स्वप्नाली दारात उभी राहून बघत होती. अकरावीला आहे. म्हणाली, पप्पा, मी लावू का एकदा? नाही म्हणालो. शांतपणे. ती लगेच निघून गेली, जरा पळतच. अभ्यास असेल.

१२ जानेवारी, रविवार. संध्याकाळ

मीटिंग झाली.

बिभीषणने पेमब्रुकच्या त्याच अल्बमचा नवा रिइश्यू आणला होता. जाड रेकॉर्ड, चकचकीत स्लीव्ह. म्हणाला, दाजी, ओरिजिनल टेपवरून रिमास्टर केलाय. मी ऐकून घेतलं. म्हणाला, यात डबल बास स्वच्छ येतो, तुमच्या मोनोत तो दबलाय. तेही ऐकून घेतलं. मी समजावलं की रिइश्यू म्हणजे कालच्या भाकरीचा कुस्करा. तो हसला. म्हणाला, दाजी, तुमच्या रेकॉर्डमध्ये बास न्हाईच, तुमी मनानं ऐकता.

मग हात गेला.

एकच. उघड्या पंजाने. थोरल्या मेव्हण्याने धाकट्याला मारावी तशी. आवाज मात्र मोठा आला, खोली लहान आहे. त्याचा चष्मा टर्नटेबलच्या मागे पडला. मुंजाजी सर म्हणाले दोन्ही बाजूंमध्ये तथ्य आहे, आणि त्यांना एसटी गाठायची आठवण झाली. वनमाला पोहे घेऊन दारापर्यंत आली होती, ती तशीच परत गेली.

बिभीषण रेकॉर्ड विसरून गेला. सगळे गेल्यावर लावून बघितली. बास ऐकू येतो. मुद्दाम वाढवलाय.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. वनमाला म्हणाली दादाला तिळगूळ देऊन या. ती धाकट्या भावालाही दादाच म्हणते. अंबाजोगाईला गेलो. दवाखान्यात पेशंट होते. गालावर अजून थोडं लाल होतं, का थंडीने होतं. तिळगूळ दिला. तो म्हणाला, दाजी, जाऊ द्या.

जाऊ द्या म्हणजे काय? माफ मी करायचं का त्याने? तरी हात उचलला नाही. हे यश आहे. खाली येऊन गाडीला लाथ बसली. अंगठा सुजलाय. पण माणसाला मारलं नाही, हा मुद्दा आहे.

२० जानेवारी, सोमवार

पेमब्रुकचा बॉक्स सेट निघाला आहे. सगळी रेकॉर्डिंग एकत्र, पुस्तक, फोटो, प्रत्येक बॉक्सवर नंबर. मोजकेच काढलेत. ऑर्डर केली. रिइश्यू आहे हे खरं, पण बॉक्स सेटची गोष्ट वेगळी. तो अभ्यासासाठी असतो.

बिभीषणला कळवलं नाही. पुढच्या मीटिंगला कापड टाकून ठेवायचा आणि त्याच्यासमोर काढायचा. एक शब्द बोलायचा नाही. तोच त्याला खरा फटका.

२९ जानेवारी, बुधवार

हात बांधलेला. डाव्या हाताने लिहितोय.

कुरिअरच्या ऑफिसला चौकशीला गेलो, अंबाजोगाईची पार्सलंही तिथेच येतात. तिथला माणूस म्हणाला, असा एकच बॉक्स आलता, तो अंबाजोगाईचे डॉक्टर परवा घेऊन गेले. मी म्हणालो तो माझा होता. तो म्हणाला नाव त्यांचं होतं. मी म्हणालो तू डॉक्टरला मिळालेला आहेस. तो म्हणाला, कावून मिळंल मी? मी टेबलावर हात आपटला. टेबलावर काच होती हे माझ्या लक्षात नव्हतं. तो माणूस मागे सरकला आणि खुर्चीसकट पडला. मी त्याला हात लावला नाही. नंतर लावला, पण ते उठवायला. त्याला वाटलं मारायला, म्हणून तो ओरडला, आणि तो ओरडला म्हणून मला एक द्यावी लागली.

आबा आले. आबा पंचायत समितीचे सभापती होते तेव्हापासून त्यांचा फोन चालतो. कोपऱ्यात उभं राहून दोन ठिकाणी बोलले. आबा फोनवर कधी ओरडत नाहीत. माझा शांतपणा त्यांच्याकडूनच आलाय.

घरी वनमालाने माझा मोबाईल घेऊन बघितला. म्हणाली तुमची ऑर्डर झालेलीच नाही, कार्ड चाललं नव्हतं, तसा मेसेज आलेला आहे. मी म्हणालो मेसेज काय कुणीही पाठवतं.

म्हणजे बॉक्स बिभीषणचाच. पण त्याने मला न सांगता मागवला ना? मनात कपट होतं म्हणूनच लपवलं.

२ फेब्रुवारी, रविवार. दुपार

झोपून लिहितोय. बरगडी दुखते. पुढचा दात अर्धा राहिलाय.

सकाळी मोनो लावली होती. दुसऱ्या बाजूला एक जागा आहे, सॅक्स थांबतो आणि नुसता ब्रश ड्रमवर फिरत राहतो. श्वास घेतल्यासारखा. तिथेच खालून वरात आली. डीजेचा टेम्पो बरोबर दुकानासमोर थांबला आणि नाच सुरू झाला. निडल उडाली. रेकॉर्डवर ओरखडा.

मी खाली गेलो. हातात ट्रॅक्टरचा पाना होता. घेतला असं नाही, दुकानातून जाताना आला हातात. जनरेटरची वायर ओढली. डीजे बंद. मग नवरदेवाचा चुलता आला, त्याच्या खांद्यावर पाना बसला. तो खाली बसला. मग बाकीचे आले. कुणी खुर्चीने मारत होतं, कुणी बुटाने. एकाने माझं डोकं टेम्पोच्या फाळक्यावर आपटलं, तेव्हा दात गेला. तोंडातलं रक्त नवरदेवाच्या शेरवानीवर उडालं. नवरी रडायला लागली. मी आडवा पडलो होतो तेव्हा वर बघितलं तर माडीच्या खिडकीत स्वप्नाली होती. मी हात हलवला, काळजी करू नको म्हणून. तिने खिडकी लावून घेतली.

पण नोंद करायची गोष्ट अशी की डीजे पुन्हा चालू झाला नाही. जिंकलो.

३ फेब्रुवारी, सोमवार

दातासाठी बिभीषणकडेच जावं लागलं. दुसरा चांगला डॉक्टर कोण आहे? वनमाला सोबत आली.

दवाखान्यात बॉक्स सेट लावलेला. पेशंटला शांत वाटावं म्हणून, असं त्याची नर्स म्हणाली. त्याने मला खुर्चीत आडवं केलं, सुई दिली, तोंडात कापूस भरला. आणि बोलायला लागला. मी तोंड उघडं ठेवून पडलेला, आणि तो सांगतोय की मोनोत सगळी वाद्यं एकावर एक चढतात, नव्यात प्रत्येकाला आपापली जागा मिळते, बास इथे, पियानो तिथे, कुणी कुणाला दाबत न्हाई. दाजी, ऐका ना, हा बघा बास. यंत्र चालू, बास चालू, त्याचा आवाज चालू. मला उत्तर द्यायचं होतं. माझ्याकडे चार उत्तरं तयार होती.

तोंड मिटलं गेलं. त्याचं बोट आत होतं.

मी सोडणारच होतो. पण सुईमुळे जबडा बधिर, किती जोर लागतोय कळत नव्हतं. वनमालाने माझ्या खांद्यावर पर्स मारली तेव्हा कळलं. ग्लोव्हमध्ये रक्त जमलं होतं.  बिभीषणने दुसऱ्या हाताने दातावर कॅप बसवली, नीट बसवली, आणि मग स्वतःचं बोट शिवायला सरकारी दवाखान्यात गेला.

परतताना एसटीत वनमाला पलीकडच्या सीटवर बसली. जागा माझ्या शेजारीही होती.

९ फेब्रुवारी, रविवार

लवकर लिहून टाकतो.

दुपारी शेतावरून आलो तर माडीवर गाणं चालू. स्वप्नालीने लावलं होतं. बिभीषणचा तो रिइश्यू, इथे राहिलेला. माझ्या टर्नटेबलवर. मी म्हणालो बंद कर. ती म्हणाली, पप्पा, पाच मिनिटं ऐका, मामाची लई साफ वाजती.

खिडकीत पितळी तांब्या होता.

तांब्या सुटला. मी रेकॉर्डकडे टाकला होता. स्वप्नाली रेकॉर्डजवळ होती. मध्ये वनमाला आली. कुठून आली कळलंच नाही, ती तर खाली होती.

भुवईच्या वर लागलं. खूप रक्त येतं तिथून. लहान जखम असली तरी येतं, असं मी वाचलंय. स्वप्नालीने ओढणी दाबून धरली. मी टॉवेल आणायला गेलो, आलो तर दोघी जिना उतरून गेल्या होत्या. आबांनी गाडी काढली. मलाही बसायचं होतं. आबांनी दार लावून घेतलं.

टाके पडले म्हणे. किती ते मला सांगितलं नाही.

रेकॉर्ड चालूच होती. मी बंद केली.

तिने मध्ये यायला नको होतं.

१० फेब्रुवारी, सोमवार

बिभीषणने तक्रार दिली. डीजेवालेही त्यातच जोडले गेले, कुरिअरवालाही, आणि जीपवाला, ज्याचं मिटलं होतं. सगळे एकदमच आठवले लोकांना.

सकाळी पोलीस घेऊन गेले. फौजदार तरुण होता, नीट बोलला. मी त्याला सांगितलं की हे सगळे गैरसमज आहेत, मी संगीतातला माणूस आहे. त्याने विचारलं कोणतं वाद्य वाजवता. ऐकतो म्हणालो. त्याने लिहून घेतलं नाही.

मी म्हणालो माझ्या वडिलांशी बोला. त्याने फोन लावून मलाच दिला. आबांनी विचारलं, "टाके कुठं पडलेत तिला, ठावं हाय का तुला?"

कपाळाला म्हणालो.

"मग मी काय बोलू साहेबाशी," आबा म्हणाले, आणि फोन ठेवला.

लाईन तुटली असेल म्हणून मी पुन्हा लावायला सांगितलं. फौजदार म्हणाला, तुटली न्हाई काका, ठेवला त्यांनी.

संध्याकाळी तहसील ऑफिसला नेलं. चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर सही केली. सही करायला माझी हरकत नव्हती. मी एरवीही चांगलंच वागतो.

१६ फेब्रुवारी, रविवार

शेतातल्या आखाड्यावर, गोठ्याशेजारच्या खोलीत राहतोय. आबा म्हणाले काही दिवस तिकडेच ऱ्हा. वनमाला आणि स्वप्नाली माहेरी जायला निघाल्या होत्या, आबांनीच थांबवलं. सुनेला आणि नातीला म्हणाले, घर तुमचं हाय, जायचं त्यो जाईल. असं मला सालगड्याने सांगितलं. तो थोडं वाढवून सांगतो.

इथे बरं आहे. एकांत आहे. टर्नटेबल नाही, पण पेमब्रुकचा पूर्ण अल्बम मला तोंडपाठ आहे, गुणगुणतो. म्हैस कान हलवते. काल दूध काढताना तिने शेपूट मारलं, तर बादली उपडी झाली. म्हशीला दोन फटके बसले. बाँडमध्ये जनावरांचं काही लिहिलेलं नाही.

आज मीटिंगचा रविवार. मोठा विचार केलाय. पुढच्या रविवारी इथेच, झाडाखाली, जाहीर व्याख्यान: 'जॅझ आणि अहिंसा'. वक्ता मी. बिभीषणलाही बोलवायचं. सगळ्यांसमोर त्याला मिठी मारायची. मुंजाजी सरांना फोन केला.

सरांनी आधी हरभऱ्याचं विचारलं. मग म्हणाले सर्कल आता अंबाजोगाईला भरतं, डॉक्टरांच्या घरी. अध्यक्ष कोण, विचारलं. सर म्हणाले तसं कुणी नाही, आपलं सगळे बसतात आणि ऐकतात. मी म्हणालो अध्यक्षाशिवाय शिस्त राहत नाही. सर म्हणाले दोन्ही बाजूंमध्ये तथ्य आहे, पण आम्ही आता तिकडेच जातो.

२३ फेब्रुवारी, रविवार

अंबाजोगाईला गेलो. फक्त शुभेच्छा द्यायला. पिशवीत मोसंबी. काठी होती ती कुत्र्यांसाठी, तिकडे कुत्री फार.

गेट उघडंच होतं. आतून सॅक्सचा आवाज. बिभीषण बाहेर आला. बोटाला अजून पट्टी. म्हणाला दाजी, आज नको, ताई आलीय आत. मी म्हणालो ती माझी बायको आहे. तो म्हणाला, तिला विचारून येतो. मला भेटायला माझ्या बायकोला विचारणार! काठी वर गेली.

आणि त्याने मारलं. बिभीषणने. मूठ करून, सरळ तोंडावर. मी मोसंबीवर पडलो. कॅप निघाली, ती त्यानेच बसवलेली होती. मी उठायच्या आत त्याने काठी घेतली आणि माझ्या पाठीत घातली, मांडीवर घातली, परत पाठीत. मी हात आडवे धरले, ते बधिर झाले. माझ्या अंगावर एवढा मार याआधी फक्त वरातीत पडला होता, पण तिथे बरेच जण होते. मला वाटलं तो थांबणारच नाही. मी 'बस' म्हणालो. माझ्या तोंडून तो शब्द मीच पहिल्यांदा ऐकला.

मग काठी टाकून तो पायरीवर बसला. हात थरथरत होते. त्या हातांनी दात काढायचे असतात त्याला.

म्हणाला, "मी कधी कुणावर हात उचलला न्हवता दाजी. गाणं पण तुमीच लावलं मला, आन् हे पण तुमीच."

त्याच्या मागे दारात वनमाला उभी होती. कपाळावर पट्टी नव्हती आता, नुसती रेघ. मला वाटलं ती मला उठवायला येईल. ती येऊन भावाजवळ बसली आणि त्याचा हात आपल्या हातात धरून ठेवला, थरथर थांबेपर्यंत.

आतली रेकॉर्ड संपली होती. निडल आतल्या वळ्यात खरखरत होती. कुणी उचलली नाही.

मी आपणच उठलो. तक्रार देणार नाही. बाँड माझ्यावर आहे, आणि काठी माझी होती.

२ मार्च, रविवार

पाठ अजून काळीनिळी आहे. या आठवड्यात कुणाला मारलं नाही. हात वर जात नाही खांद्यापाशी.

कपडे संपले म्हणून आज घरी गेलो. दिवस मावळायला आला होता. दुकानाचं शटर अर्धं होतं. जिन्याखाली पोहोचलो तर वर पेमब्रुक चालू. रिइश्यू. मग थांबला, आणि तोच तुकडा परत लागला. या वेळी माझी मोनो. ओरखडा ओळखला मी. दोघी एकामागून एक लावून बघत होत्या.

स्वप्नाली काहीतरी म्हणाली, आणि वनमाला हसली. मोठ्याने. लग्नानंतर सुरुवातीला हसायची तसं. मग म्हणाली, "खरं सांगू का, तुज्या पप्पाचीच गोड वाजती. त्यात समदे एकाच खोलीत बसल्यावानी वाटतंय."

मी हेच सांगत होतो. शब्द असेच नव्हते, पण हेच. बिभीषणने ऐकायला पाहिजे होतं. मी दोन-दोन पायऱ्या चढत वर गेलो. पाठ दुखतेय हे विसरलो.

दारात मला बघताच स्वप्नालीने निडल उचलली. रेकॉर्ड कडेने धरली, स्लीव्हमध्ये घातली, उभी ठेवली. अगदी बरोबर, मी ठेवतो तशी. आणि जाऊन आईच्या पुढे उभी राहिली. मागे नाही, पुढे.

लावा ना परत, म्हणालो. स्वप्नाली म्हणाली नको, अभ्यास हाय. वनमालाचा हात कपाळाकडे गेला होता, पदर सारखा करायला.

कोणती गोड वाजते ते विचारायचं होतं. विचारलं नाही. कपडे न्यायला आलोय म्हणालो. वनमालाने कपाटातून काढून दिले. घडी घातलेले होते, पिशवी भरूनच ठेवलेली होती. मी खाली आलो. जिन्याखाली थोडं थांबलो. वर काही वाजेना. कुणी बोलतही नव्हतं. मी अजून खाली आहे हे त्यांना माहीत होतं.

गाडीला किक मारली. इंजिन चालू झालं, आणि वर रेकॉर्ड चालू झाली. मोनो.

गाडी बंद केली असती तर वरचंही बंद झालं असतं. म्हणून तशीच चालू गाडी एसटी स्टँडवर नेली. चहा घेतला. चहा गार होता. पोराने ग्लास आपटून ठेवला, थोडा शर्टावर सांडला.

काही बोललो नाही. प्यालो.